दोन मैलांचा चावीवाला

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला बर्मिंगहॅमच्या मध्यवस्तीत एका अनोळखी बाईनं लायनेल ट्रँटरच्या कोटाची बाही धरली आणि त्याला जोरात मागं ओढलं. तो चष्म्याच्या दुकानाकडे निघाला होता आणि रस्ता ओलांडायला त्यानं एक पाऊल पुढं टाकलं होतं. त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावरून ट्राम गेली. खिडक्यांमागची माणसं मान वळवून त्याच्याकडे बघत होती. बाईचे ओठ हलले. मग तिनं त्याच्या तोंडासमोर येऊन पुन्हा सांगितलं, घंटा वाजवत होता तो, कधीचा वाजवत होता. लायनेलनं तिचे आभार मानले, जरा विचारात होतो म्हणाला आणि हसला. हसता हसताच त्याच्या लक्षात आलं की हे हसू आपलं नाही, वडिलांचं आहे.

बाई निघून गेली. तो मात्र तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला. ट्रामची भीती अशी वाटलीच नव्हती. त्याला खटकलं होतं ते वेगळंच. पुढची ट्राम येईपर्यंत तो थांबला. ट्राम वळणावर आली तशा रस्त्यावरच्या माणसांच्या माना एकदम वळल्या. वाऱ्यानं गवत एका बाजूला झुकावं तशा. कोणीतरी त्यांना हाक मारली होती आणि ती हाक फक्त त्यालाच आली नव्हती. त्याला चाकांची घरघर ऐकू येत होती, बसचं इंजिन ऐकू येत होतं, मागच्या दुकानातल्या गाण्याचा ठेका ऐकू येत होता. खालच्या पट्टीतलं सगळं होतं. वरच्या पट्टीतलं काहीच नव्हतं. तो तिसऱ्या ट्रामसाठी थांबला, मग चौथ्या. चौथ्या ट्रामला त्यानं डोळे मिटून घेतले आणि घंटा वाजली असं त्याला वाटलं तेव्हा उघडले. ट्राम निघून गेली होती. घंटा त्यानं ऐकली नव्हती, आठवली होती. आणि मग, चष्म्याचं दुकान राहिलं बाजूला, त्याला शनिवार आठवला.

शनिवारी तो रिडगोखच्या रेल्वे लाईनवर आपले दोन मैल चालला होता. एकोणीस वर्षं चालत होता. वेल्सच्या त्या दरीतली सात मैलांची लाईन सरकारनं कधीचीच बंद केली होती. गावातल्या आणि बाहेरच्या हौशी माणसांनी ती पुन्हा रुळांवर आणली, आणि तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी पन्नाशी-साठी उलटलेल्यांची एक टोळी फुकटात तिची निगा राखत असे. कोणी रुळांखालचे स्लीपर बदले, कोणी खडी दाबे, कोणी गटारं उपसे. लायनेल चावीवाला होता. तिथले रूळ जुन्या पद्धतीचे, लोखंडी बैठकीत उभे राहणारे. रूळ आणि बैठक यांच्यामध्ये ओकच्या लाकडाची एक पाचर ठोकलेली असते. तिला चावी म्हणतात. ती घट्ट असली तर रूळ जागचा हलत नाही. लांब दांड्याचा हातोडा घेऊन चालायचं, प्रत्येक चावीवर एक ठोका टाकायचा आणि ऐकायचं. घट्ट चावी एक बोलते, सुटी चावी दुसरं बोलते. सुटी असली की दोन घाव घालून आत बसवायची, आकडा लक्षात ठेवायचा, शेवटी वहीत लिहून सही करायची. पावसाळी हिवाळ्यात लाकूड फुगतं, चाव्या गच्च होतात. मार्चमध्ये पूर्वेचा कोरडा वारा सुटला की लाकूड आक्रसतं आणि त्या सुटायला लागतात. गेले तीन आठवडे कोरडा वारा वाहत होता. शनिवारी त्यानं वहीत लिहिलं होतं, सुट्या चाव्या तीन. लाईन या वर्षी काय सुरेख धरून राहिली आहे, असं मनात म्हणत त्यानं घरचा रस्ता धरला होता. सगळ्या चाव्या सारख्याच वाजत होत्या. सारख्या वाजतात म्हणजे सगळ्या घट्ट, असं त्यानं धरलं होतं. येत्या शनिवारी अकरा वाजता हंगामाची पहिली गाडी सुटायची होती. तीन डबे. सगळी तिकिटं गेलेली.

वडील क्रॅडलीच्या साखळदंडांच्या कारखान्यात होते. चाळीस वर्षं घणाखाली उभे राहून त्यांचे कान गेले होते. तिथं सगळ्यांचेच जात, आणि म्हणून कोणाचेच गेलेत असं कोणी म्हणत नसे. वडिलांनी एक युक्ती काढली होती. समोरचा माणूस बोलायचा थांबला की हसायचं. बहुतेक वेळा जमून जाई. एकदा शेजारचा मिस्टर हॅडली दारात येऊन भाऊ वारल्याचं सांगत होता आणि वडील हसले. पंधरा वर्षांचा लायनेल आतल्या खोलीत होता. त्याला तेव्हा वाटलेली लाज अजून मानेच्या मागच्या बाजूला, केस संपतात तिथं, आहे तशी होती. आपण असे होणार नाही, असं त्यानं ठरवलं होतं. कारखान्यात पाऊल टाकलं नाही, टपाल खात्यात जन्म काढला. घण नाही, भट्टी नाही. आणि निवृत्तीच्या आधीपासूनच शनिवार-बुधवार हातोडा घेऊन लोखंडावर ठोके मारत हिंडत होता, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. कदाचित त्या ठोक्यांमुळे असेल, कदाचित नुसत्या वयामुळे. कशामुळे, याला आता काही अर्थ नव्हता.

घरी आल्यावर त्यानं अ‍ॅव्हिसला सांगितलं, काचेचा पेला आणि चमचा आण, माझ्या पाठीमागं उभी राहा, आणि वाजव. बायकोनं कारण विचारलं नाही, हेच त्याला पुढं कितीतरी वेळ टोचत राहिलं. ती पेला घेऊन आली. तो खिडकीकडे तोंड करून बसला. बागेत सफरचंदाच्या उघड्या फांदीवर एक रॉबिन छाती फुगवून गात होता, म्हणजे त्याची चोच उघडत होती. लायनेल वाट बघत राहिला. शेवटी म्हणाला, वाजव ना. मागून काहीच उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं वळून बघितलं. अ‍ॅव्हिस पेल्यावर चमचा मारतच होती. तिचे डोळे भरले होते आणि हात थांबला नव्हता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

ती त्याच्या समोर येऊन बसली. "दोन वर्षं झाली, मी तुला स्वयंपाकघरातून हाक मारणं सोडलंय. मला वाटलं, तुलाही माहीत आहे आणि तुला बोलायचं नाहीये."

तो रागावला नाही. रागावण्याजोगं तिनं काही केलं नव्हतं. दोन वर्षं ती प्रत्येक वाक्य उचलून त्याच्यासमोर आणून ठेवत होती आणि आपलं सगळं नीट चाललंय असं तो समजत होता. तिनं विचारलं, आता काय करणार. तो म्हणाला, बुधवारी जाणार. आणि काय सांगणार, याचा विचार करत मात्र तो मंगळवारचा सगळा दिवस घरातल्या घरात चालत राहिला. पहिल्यांदा त्यानं ठरवलं की कुणाला न सांगता एकट्यानं जाऊन सगळं पुन्हा तपासावं. मग त्याच्या लक्षात आलं की टोळी नसताना एकट्यानं लाईनवर जायला बंदी आहे आणि ती बंदी का आहे. पाठीमागून इंजिन आलं तर त्याला कोण ओढणार होतं. मग त्यानं ठरवलं, तब्येतीचं कारण सांगून सोडून द्यावं. मग शनिवारच्या तीन डब्यांत बसलेली माणसं त्याला दिसली. खिडकीतून मेंढ्या बघणारी, डबा उघडून सँडविच खाणारी, कोणावर तरी भरवसा टाकला आहे हे माहीतही नसलेली. त्या भरवशाखाली त्याची सही होती. संध्याकाळी जेवताना तो अ‍ॅव्हिसला म्हणाला, "मी सांगून टाकतो." ती म्हणाली, "सांग," आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

बुधवारी साडेआठला तो रिडगोखच्या खोपटात शिरला तेव्हा मुकादम मेन्ना शेगडीत कोळसा घालत होती. मेन्ना चव्वेचाळीस वर्षांची, आठवड्याचे उरलेले दिवस ट्रॅक्टर दुरुस्त करणारी, टोळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना धाकात ठेवणारी बाई. इतर कोणी यायच्या आत सांगायचं म्हणून तो लवकर निघाला होता.

"मेन्ना, शनिवारची माझी सही खोटी आहे."

"खोटी म्हणजे? चाललाच नाहीस?"

"चाललो. ऐकलं नाही."

"म्हणजे झोपेत चाललास?" ती हसली, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. त्यानं सगळं सांगितलं, ट्रामपासून पेल्यापर्यंत. तिनं धीर दिला नाही, हे बरं झालं. तिनं एवढंच विचारलं, कधीपासून. त्याला ते माहीत नव्हतं. तिनं फळीवरची वही काढली आणि बोट फिरवत मागं मागं गेली. गेल्या मार्चमध्ये चौतीस. त्याच्या आदल्या मार्चमध्ये एकोणतीस. या मार्चमध्ये दोन, चार, तीन. ती वेल्शमध्ये काहीतरी पुटपुटली. ते समजायला त्याला कानांची गरज नव्हती.

"दोन मैलांत किती चाव्या, माहीत आहे ना?"

"साडेआठ हजारांच्या आत-बाहेर. मी हातानं तपासीन. हातमोजा काढून, एकेक."

"ऑफिसला मी आत्ता कळवते," मेन्ना म्हणाली, तोंड त्याच्याकडे ठेवून, सावकाश. "शुक्रवारी चारपर्यंत शेवटच्या चावीला हात लागला नाही, तर शनिवारी गाडी नाही. आणि गाडी का नाही, ते लोकांना तू सांगायचंस."

तो हो म्हणाला. मग त्यानं वही स्वतःकडे ओढली, शनिवारच्या नोंदीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'तपासलेले नाही. एल. ट्रँटर.' थोडं थांबून त्यानं त्याच्या आदल्या शनिवारवरही रेघ मारली. मग त्याच्याही आदल्या. अक्षर सरळ आलं याचं त्याला नवल वाटलं.

पाचजण कामाला लागले. काम साधं होतं आणि माणसाची कंबर मोडणारं होतं. खडीवर पोतं टाकून गुडघे टेकायचे, उघडा हात चावीच्या टोकावर ठेवायचा, दुसऱ्या टोकावर छोट्या हातोडीनं हलकेच ठोकायचं. घट्ट चावी बोटांना काहीच सांगत नाही, दगडासारखी राहते. सुटी चावी बोटांखाली किंचित फडफडते, पाण्याबाहेर काढलेल्या माशाचा कल्ला हलावा तशी. पहिली फडफड त्याला बाराव्या चावीत लागली. बाकीचे चौघं त्याच्याशी नेहमीपेक्षा मोठ्यानं आणि नेहमीपेक्षा गोड बोलत होते. चहाच्या वेळी कोणीतरी त्याच्यासाठी थर्मासचं झाकण उघडून दिलं, त्याचे हातच गेल्यासारखं. हे त्याला कामापेक्षा जड गेलं. एरवी ही टोळी कोणाला सोडत नसे. निवृत्त दंतवैद्य गॉडफ्री पिम हातोडा उचलायचा तेव्हा हटकून कोणीतरी 'आ करा' म्हणायचं, आणि गॉडफ्री तीन वर्षं ते निमूट ऐकून घेत होता. लायनेलला वाटलं, आपल्यालाही कोणी काहीतरी बोलावं. शेवटी संध्याकाळी गॉडफ्रीच म्हणाला, "लायनेल, तुझ्या बायकोनं दोन वर्षं तुला काय काय ऐकवलं असेल, विचार कर." सगळे हसले, लायनेलही हसला, आणि ते हसू त्याचं स्वतःचं होतं.

पहिल्या दिवशी एकवीस सुट्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो नदीवरच्या वळणाशी पोचला. हा भाग त्यानं मागून घेतला होता. वळणावर गाडीचा सगळा रेटा बाहेरच्या रुळावर येतो, आणि तो रेटा चावीनं तोलायचा असतो. त्यानं हात ठेवला, ठोकलं, फडफड लागली. पुढची. फडफड. पुढची. पाचव्या चावीपाशी तो थांबला आणि पोत्यावरच गुडघ्यांनी पुढं सरकत गेला. एका ओळीत अकरा. त्यानं हात वर करून मेन्नाला बोलावलं. तिनं मापाची पट्टी रुळांवर आडवी टाकली, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. बाहेरचा रूळ अर्ध्या बोटानं सरकला होता. गाडी तिथून नीट गेली असती की नसती, हे कोणालाच सांगता आलं नसतं. मेन्नानं पट्टी उचलली.

"बस जरा," ती म्हणाली.

"बसलो तर उठणार नाही," तो म्हणाला, आणि नव्या चाव्यांची पिशवी मागितली.

खाली नदी दगडांवरून जात होती, बिनआवाजाची. आईचं त्याला तिथं आठवलं, इतक्या वर्षांत त्यानं कोणालाच न सांगितलेलं. एका जानेवारीत आई कोळसा आणायला मागच्या अंगणात गेली आणि बर्फावरून घसरून पडली. खुबा मोडला. वडील दाराच्या आत, सहा फुटांवर, बुटांना पॉलिश करत बसले होते. ती चाळीस मिनिटं हाका मारत होती. लायनेल घरी आला तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि वडील दुसरा बूट घासत होते. तिनं वडिलांना कधी बोल लावला नाही. वडिलांनी कधी कबूल केलं नाही, त्यांनी फक्त आपली खुर्ची फिरवली. त्या दिवसापासून मरेपर्यंत ते अंगणाच्या खिडकीकडे तोंड करून बसले. लायनेल त्यांना मनातल्या मनात भित्रा म्हणत आला होता. आता अकराव्या चावीवर घाव घालताना त्याला वाटलं, खुर्ची फिरवणंही त्यांना किती जड गेलं असेल कोण जाणे. पण खुर्ची फिरवून पुरत नाही. सांगावं लागतं. त्यानं चावी ठोकली, हात ठेवला, पुन्हा ठोकलं. बोटांखाली दगड झाला तेव्हा तो पुढं सरकला.

शुक्रवारी सव्वातीनला शेवटच्या चावीला हात लागला. एकूण चौसष्ट. त्याच्या उजव्या हाताची चारही बोटं फाटली होती आणि गुडघे वाकत नव्हते. मेन्नानं ऑफिसला फोन केला. शनिवारी पहिली गाडी वळणावरून माणसाच्या चालीनं नेली, मग संध्याकाळपर्यंत रोजच्या वेगानं. लायनेल त्या दिवशी घरी झोपून होता.

पुढचं सगळं त्याला आधीच ठाऊक होतं आणि मेन्नानंही ते आडून सांगितलं नाही. गस्त बंद. टोळीला गाडीची सूचना द्यायला शिट्टी घेऊन उभं राहणंही बंद. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रं लिहून दिली होती; माणसांचं बोलणं कळेल, पण ओकच्या लाकडाची बारीक पारख यंत्रावर सोडू नका, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. उरलं होतं खडी दाबायचं काम. ते नवशिक्यांचं काम, फावडं आणि पाठ एवढंच त्याला लागतं. लायनेल म्हणाला, चालेल. मग दोन मैल कोण चालणार? मेन्नानं गॉडफ्रीचं नाव घेतलं. गॉडफ्री घाबरला. म्हणाला, मला तो आवाज कळत नाही, कोणी शिकवलेलाच नाही.

"मी शिकवतो," लायनेल म्हणाला. शेगडीकडे बघत मेन्ना म्हणाली, "बुधवारपासून."

बुधवारी दोघं निघाले. गाड्यांचं ऐकायचं गॉडफ्रीनं, चाव्यांचं सांगायचं लायनेलनं. पण सांगणार काय? एकोणीस वर्षं जे कानात होतं त्याला त्यानं कधी शब्द दिला नव्हता. घट्ट चावी बोलून मोकळी होते, तो म्हणाला. सुटी चावी बोलता बोलता गिळते. गॉडफ्रीनं ठोका टाकला, मान तिरपी केली. त्याला फरक कळेना. लायनेलनं हातमोजा काढून चावीवर हात ठेवला. ही घट्ट. हिचं नीट ऐकून ठेव. ही पण. ही पण. आणि ही, ही सुटी, मार परत.

गॉडफ्रीनं मारला. आणखी एकदा मारला.

"मेलेला दात," तो म्हणाला.

"तो कसा वाजतो?" लायनेलनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ओल्या भिंतीवर बोट मारल्यासारखा. आरशाच्या दांडीनं ठोकून बघायचो मी, पस्तीस वर्षं." आणि त्यानं चावीकडे असं बघितलं, जणू ती आता तोंड उघडणार होती.

पहिल्या मैलात गॉडफ्री सात ठिकाणी चुकला. प्रत्येक वेळी लायनेलनं त्याला मागं नेलं, पुन्हा मारायला लावलं, पुन्हा, आणखी एकदा, गॉडफ्री वैतागेपर्यंत. तू माझ्यावर सूड उगवतोयस, गॉडफ्री म्हणाला. लायनेल म्हणाला, मार. दुसऱ्या मैलात दोन चुका झाल्या. वळणावर एकही नाही. तिथं लायनेल प्रत्येक चावीला हात लावून बघत होता, आणि प्रत्येक वेळी गॉडफ्रीनं आधीच बरोबर सांगितलेलं असायचं. वळण संपलं. पुढच्या चावीपाशी गॉडफ्री थांबला, दोन घाव घातले, 'सत्तावीस' म्हणाला आणि पुढं निघाला. लायनेल वाकला होता. त्याचा हात चावीपासून चार बोटांवर होता. तो हात तसाच मागं घेऊन त्यानं हातमोजा चढवला आणि गॉडफ्रीच्या मागून चालू लागला. शेवटच्या पाव मैलात त्यानं तो काढला नाही.

खोपटात गॉडफ्रीनं वही उघडली, आकडा लिहिला आणि लेखणी लायनेलपुढं धरली. सही तूच कर, तो म्हणाला, लाईन तुझी आहे, मी आजच आलोय.

"ज्यानं ऐकलं त्यानं सही करायची," लायनेल म्हणाला.

गॉडफ्रीनं सही केली, दंतवैद्याच्या अक्षरात, कोणालाही न वाचता येणारी. लायनेलनं सांगितलं, खाली सुट्या अक्षरांत नाव लिही, नीट. गॉडफ्री लिहीपर्यंत तो शेजारी उभा राहिला. मग कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि टोळी खडी दाबत होती त्या बाजूला चालू लागला.